कुरडयांचं सुतक

सोमवारी सकाळी नेमिनाथ मगदूम यांनी एक ओली कुरडई काट्यावर ठेवली, तिचं वजन वहीत टिपलं आणि शेजारच्या सुभेदार कृष्णात यांना ओरडून सांगितलं, "साठ टक्के पाणी आहे हिच्यात! बुधवारी संध्याकाळपर्यंत दहावर आणतो!"

ओरडून सांगावं लागलं, कारण दोघांच्या मधोमध ती मशीन चालू होती. आकारानं बुटांच्या दोन खोक्यांएवढी, पुढं दोन पंखे, मागं दोन पंखे, आणि आवाज असा, की ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सुभेदार सवयीनं आभाळाकडे बघत घराबाहेर आले होते. त्यांच्या नोकरीची सहा वर्षं विमानतळालगत गेली होती.

मशीन मूळची पुतण्याची, जिनेंद्रची. त्यानं पुण्यात तिच्यावर आभासी नाणी पाडायचा उद्योग काढला होता. दोन वर्षांत तिच्याहून तगड्या मशिनी आल्या, हिच्या हाताला काही लागेना आणि सोसायटीनं आवाजाबद्दल तिसरी नोटीस दिली. तेव्हा त्यानं ती उसाच्या पट्ट्यात, कडेगावजवळच्या वाडीत, काकांच्या शेडमध्ये आणून टाकली.

"ही करते काय?" नेमिनाथांनी विचारलं होतं.

"गणित करते, काका."

"कसलं?"

"एकच. तेच ते. सेकंदाला अब्जावधी वेळा."

"आणि उत्तर?"

"सहसा येत नाही."

"दुसरं एखादं गणित घातलं तर?"

"जमत नाही हिला. दोन अधिक दोनसुद्धा जमत नाही. फक्त हेच करायला बनवलीय."

नेमिनाथांनी मशिनीच्या मागं तळहात धरला आणि पटकन मागं घेतला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची चौतीस वर्षं साखरेतला ओलावा मोजण्यात गेली होती. गरम, कोरडी, सारख्या वेगानं येणारी हवा त्यांना फुकट जाताना बघवेना. "उत्तर राहू दे," ते म्हणाले, "ऊब घेऊ."

एका द्राक्षबागायतदाराकडून बेदाण्याच्या रॅकची जुनी जाळी आली, प्लायवूडचं उंच कपाट झालं आणि चार महिन्यांत त्या कपाटातून बरंच काही कोरडं होऊन बाहेर पडलं. शेवग्याची पानं, आलं, बँडवाल्यांचे भिजलेले कोट, हौदात पडलेलं शाळेचं हजेरीपत्रक. नेमिनाथांच्या पत्नी चंदनबाला यांची एकच अट होती. सूर्य मावळला की मशीन बंद. अंधारात दिव्याला किडे येतात, पंख्यात ओढले जातात, तेवढं पाप कुरडईसाठी कोण घेणार? दिवसासाठी म्हणून त्यांनी पाणी गाळायचं दुहेरी कापड मशिनीच्या तोंडाला घट्ट बांधलं होतं. त्यानं एकही जीव आत गेला नाही, पण हवाही गेली नाही, आणि मशीन दहा मिनिटांत तापून गप्प झाली. मग नेमिनाथांनी तेच कापड चौकटीवर ताणून मच्छरदाणीसारखं दोन हात लांब उभं केलं. अहिंसा आणि हवा, दोन्हींची सोय झाली.

अडचण एकच उरली होती. मशीन गणित करते म्हणून तापते, आणि गणित तिला नेटवरून मिळतं. नेट गेलं की गणित थांबतं, आणि गणित थांबलं की ऊबही थांबते. वाडीत रेंज मिळायची ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. म्हणून नेमिनाथांनी आपला फोन तिथं प्लॅस्टिकच्या बरणीत उलटा टांगून ठेवला होता, चार्जिंगच्या वायरीसकट. फोन जुना होता. त्यावर कुणाचा कॉल आला की नेट बंद व्हायचं आणि मशीन झोपायची. पुन्हा उठून तापायला तिला दहा मिनिटं लागायची. घरात जो कुणी तो कॉल घ्यायचा त्याला एकच वाक्य पाठ होतं, "अण्णा मशीनपाशी आहेत, नंतर करा." सुट्टीत आल्यावर ब्राह्मीलाही हेच काम असायचं.

ब्राह्मी त्यांची एकुलती मुलगी. साताऱ्यात कॉलेजात शिकवायची. तिला फोन करायचा तर नेमिनाथ बायकोचा बटणांचा फोन घेऊन गच्चीवर जात. त्या सोमवारीही गेले.

"सुभेदारांच्या शिवांजलीचं लग्न आहे शुक्रवारी," ते म्हणाले. "तिचं रुखवत आपल्याकडं आहे. चार दिवस ऊन नाही, अवकाळी लागलाय. मी शब्द दिलाय, की गुरुवारी सकाळी टेम्पोत कुरडया कडकडीत चढतील."

"अण्णा, एवढ्या भारी यंत्रावर कुरडया?"

"मग काय घालू त्याच्यावर? तू सांग."

"मी काय सांगणार? माझ्यापुढं पेपरांचा गठ्ठा आहे."

"रविवारी येतेस?"

"पुढच्या रविवारी येते. या रविवारी नाही जमणार."

"बरं. छत्री घेऊन बाहेर पड," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या बोलण्यात लक्षात राहण्यासारखं काहीही नव्हतं. पुढं तिनं त्यात पुष्कळ शोधून पाहिलं.

मंगळवारी सूर्य उगवल्यावर नेमिनाथांनी मशीन सुरू केली, गच्चीवर फोन टांगला आणि शेडमध्ये खुर्चीवर बसले. नऊच्या सुमाराला घरकामाला येणाऱ्या राहीबाई शेडमध्ये झाडायला आल्या. मशिनीच्या आवाजात त्या नेहमीप्रमाणं ओरडून त्यांच्याशी बोलत होत्या. आपल्या सुनेबद्दल, पावसाबद्दल. उत्तर आलं नाही, पण त्या आवाजात उत्तर कुणालाच कधी ऐकू येत नसे, त्यामुळं त्यांना वेगळं काही वाटलं नाही. दहा मिनिटांनी त्यांनी खुर्चीखालचा केर काढण्यासाठी त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं.

ब्राह्मी साताऱ्याहून पोचली तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. दुपारी सगळं उरकलं. जिनेंद्र पुण्याहून आला होता, त्यानं सगळ्या ग्रुपवर निरोप टाकले आणि तिसऱ्याला परत यायचं म्हणून संध्याकाळी निघून गेला. कुणाला काही कळवायची वेळ ब्राह्मीवर आलीच नाही. माणसं येत होती ती ऐकूनच येत होती. ती मान हलवत होती, पाण्याचे तांबे भरत होती. दिवेलागणीला चंदनबाला दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या.

"शेडमधलं ते बंद करा. किडे येतील."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं, की गच्चीवर फोन वाजेल तशी झोपत-उठत मशीन दिवसभर चालूच होती, आणि कुरडया ओल्याच राहिल्या होत्या.

बुधवारी सकाळी सात वाजता ब्राह्मीनं खिडकीतून पाहिलं, तर सुभेदार कृष्णात तारेच्या कुंपणापलीकडं येरझाऱ्या घालत होते. कुंपणापाशी यायचे, शेडकडं बघायचे, मान खाली घालून परत जायचे. सीमेवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ते कुंपण ओलांडवत नव्हतं.

"त्यांच्या कुरडया अडकल्यात आपल्याकडं," चंदनबाला आतून म्हणाल्या. "विचारायला लाजतायत बिचारे. बोलाव."

सुभेदार आले, पण एकटे नाहीत. मागोमाग त्यांच्या ऐंशीच्या आई, चंद्राबाई, काठी टेकत आल्या. भावकीत कशाला सुतक लागतं आणि कशाला नाही, याचा निवाडा चाळीस वर्षं त्याच करत होत्या.

"कुरडया द्या, आमी घिऊन जातो," सुभेदार खाली बघत म्हणाले. "पंख्याखाली वाळवतो कशातरी."

"थांब रं," चंद्राबाई म्हणाल्या. "दावा मला."

ब्राह्मीनं जाळीवरची एक कुरडई काढून हातात दिली. चंद्राबाईंनी ती वाकवली. ती वाकली, मोडली नाही.

"वल्ली हाय," चंद्राबाईंनी निकाल दिला. "कुरडईचा चीक शिजवत्यात. वल्ली हाय तवर ती शिजल्यालं अन्न. शिजल्याल्या अन्नाला सुतक लागतं. ही लग्नात न्हाई चालायची."

"आन् वाळल्यावर?" सुभेदारांनी विचारलं.

"वाळली म्हंजी कोरडा शिधा. कोरड्याला कुठलं आलंय सुतक?"

"आये, आन् अर्धी वाळली तर?"

चंद्राबाईंनी थोडा विचार केला. "अर्धं सुतक."

"पर वाळायची कुठं? आपल्या घरी नेली तर?"

"वल्ली घरात आणली तर सुतक घरात आणलं. शुक्रवारी लग्न हाय. हितंच वाळू दे. कट्ट मोडली पायजे."

अशा रीतीनं नेमिनाथ मगदुमांच्या मशिनीवर एक नवीन काम आलं. एकशे ऐंशी कुरडया सुतकातून बाहेर काढायच्या, तेही बुधवारी सूर्य मावळायच्या आत, कारण गुरुवारी सकाळी टेम्पो निघणार होता आणि अंधारात मशीन चालणार नव्हती. ब्राह्मीनं वडलांची वही उघडली. शेवटच्या नोंदीपुढं त्यांनी लिहिलं होतं, 'आणखी दहा तास. सलग.' सलगखाली दोन रेघा होत्या.

ती नवरीही येऊन गेली. शिवांजली मागच्या दारानं आली आणि ब्राह्मीचा हात धरून हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या की हे. मी विट्यावनं तयार आणते. खरं सांगू? मला कुरडई आवडतबी न्हाई."

"रुखवतात लोक ओळखतील."

"वळकू द्या. अण्णांपरीस काय जास्त हाय व्हय?"

ब्राह्मीला हे पटायला हवं होतं. पण एवढ्या जाळ्या, एवढं कपाट, वहीतल्या त्या दोन रेघा. वडलांनी दिलेला हा शेवटचा शब्द ओला राहिला असता तर त्याला मोडणारी ती ठरली असती. "नको," ती म्हणाली. "वाळतील." आणि तिनं मशीन सुरू केली.

आठ वाजून दहा मिनिटांनी गच्चीवर फोन वाजला.

ब्राह्मी धावत वर गेली. बरणीतून फोन काढला. त्याला कुलूप होतं आणि बोटानं कुठली नक्षी काढायची ते फक्त अण्णांना ठाऊक होतं. आलेला कॉल घेता येत होता, एवढंच. फोन बंद करून चालू केला तर नेट पुन्हा सुरू करणं कुणालाच जमलं नसतं. तिचा स्वतःचा फोन दुसऱ्या कंपनीचा, त्याला वाडीत रेंजच नव्हती.

"हॅलो, अण्णा हायत का?" पलीकडून वडूजचे लालासाहेब. अण्णांबरोबर कारखान्यात वीस वर्षं काढलेले.

ब्राह्मीनं तोंड उघडलं. तिथं एक वाक्य आधीपासून बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं.

"अण्णा मशीनपाशी आहेत. नंतर करा."

मग लालासाहेब मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांना हुंदका आला. "मला वाटलंच! मला वाटलंच, पोरी! त्या ग्रुपवर कायबी टाकत्यात! रातभर डोळ्याला डोळा न्हाई बघ माझ्या. मशीनपाशी हायत! ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, त्यास्नी हलवू नगा. आत्ता सांगतो मी सगळ्यास्नी!"

"काका..." ती म्हणाली, पण काकांनी फोन ठेवला होता. ज्याला सगळ्यांना सांगायचंय तो थांबत नाही. आणि फोनला कुलूप असल्यामुळं उलटा फोन करता येत नव्हता, आईच्या फोनमध्ये तर त्यांचा नंबरच नव्हता.

खालून सुभेदारांचा आवाज आला, "बंद पडलीऽऽ!"

सव्वाआठला कारखान्याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर निरोप गेला, 'मगदूमसाहेब ठणठणीत. मुलीशी प्रत्यक्ष बोललो. मशीनपाशी आहेत. अफवांवर विश्वास ठेवू नये.' त्या ग्रुपवर दोनशे चौदा माणसं होती. ज्यांनी काल दुःख व्यक्त केलं होतं, त्या प्रत्येकाला आज आनंद व्यक्त करणं भाग होतं, आणि आनंद लिहून भागत नाही, तो फोन करूनच सांगावा लागतो.

साडेआठला रहिमतपूर. पावणेनऊला इस्लामपूर. नऊला कारखान्यात ऊस मोजणारे कुणी काटा-बाबू, ज्यांना अण्णांनी एकदा रजा मिळवून दिली होती. "साहेब शंभर वर्षं जगणार," ते म्हणाले. "मेल्याची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात." इतक्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगायचं, ते ब्राह्मीला सुचेना. ती "हो" म्हणाली. प्रत्येक कॉलला दोन मिनिटं, मशीन पुन्हा तापायला दहा. मशीन उठून बसली की वर फोन वाजायचा. कॉल घेतला नाही तर माणूस घाबरून लागोपाठ तीनदा करायचा.

अकरा वाजता आईचा बटणांचा फोन वाजला. जिनेंद्र होता.

"ताई, तू काय सांगितलंस लोकांना?"

"का?"

"मला ग्रुपमधून काढून टाकलं! काकांनी मला यंत्रतज्ज्ञ म्हणून घातलं होतं त्यात. अॅडमिन म्हणतो, सख्ख्या काकाच्या मरणाची खोटी बातमी देतोस, लाज नाही वाटत? एक जण म्हणाला, पोलिसात देऊ."

"मग तू खरं सांग ना त्यांना."

"माझं कोण ऐकतंय? मी अफवा पसरवणारा. तू मुलगी आहेस. तुझं वाक्य त्यांनी धरलंय. तूच सांग."

"बरं," ब्राह्मी म्हणाली. जिनेंद्रनं फोन ठेवल्यावरही ती तो कानाशी धरून उभी राहिली.

साडेअकराला सुभेदार स्वतः गच्चीवर आले. "ताई, सकाळधरनं एक तासबी चालली न्हाई मशीन. द्या हिकडं, मी सांगतो कसं सांगायचं ते." पुढचा फोन त्यांनी घेतला, टाचा जुळवल्या आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "नेमिनाथ मगदूम काल सकाळी वारले. ओव्हर."

पलीकडून विचारणा झाली, "आपण कोण?"

"शेजारी."

"शेजाऱ्यांचं आणि त्यांचं बरं नाही वाटतं? मुलगी तर म्हणते, मशीनपाशी आहेत. मशिनीचा आवाज ऐकू आलाय लोकांना. मुलीला द्या फोन."

सुभेदारांनी फोन ब्राह्मीच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "मी नंतर बोलते."

सुभेदार तिच्याकडं बघत राहिले. खाली जाता जाता जिन्यावर थांबून एवढंच म्हणाले, "लेहला आमचा एक गडी गेला हुता. त्याच्या घरी कळवायला मलाच सांगितलं हुतं. तीन दिस मी फोन लागत न्हाई म्हणून सांगितलं, ताई. लाईन चांगली हुती."

दुपारी दोनला चंद्राबाईंनी मधली एक कुरडई वाकवून पाहिली. "पाऊण सुतक," त्या म्हणाल्या. शेडच्या दारात तोपर्यंत दोन तऱ्हेची माणसं बसली होती. ज्यांना खरं माहीत होतं ती पांढऱ्या कपड्यांत समाचाराला आलेली, खाली मान घालून. आणि ज्यांना सकाळचा निरोप पोचला होता ती आल्याची, हळदीची, शेवग्याची पोती घेऊन आलेली, नंबर लावून. दोन्ही बाजू एकमेकींकडं संशयानं बघत होत्या. मशिनीच्या आवाजात कुणाला कुणाशी बोलता येत नव्हतं, म्हणून बरं.

साडेचारला रहिमतपूरहून विश्वजीत नावाचे गृहस्थ मोटारीनं आले. हे अण्णांच्या हाताखाली प्रयोगशाळेत शिकलेले. एका हातात हार, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. ते सरळ शेडमध्ये शिरले आणि समोर बसलेल्या चंदनबालांना वाकून नमस्कार करून ओरडले, "काकू, निघताना हार घेतला होता! पुसेसावळीत निरोप आला, सर ठणठणीत आहेत, म्हणून तिथं पेढे घेतले! सर कुठायत?"

चंदनबालांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग पेढ्यांच्या पुड्याकडं. उठून त्या मशिनीला वळसा घालून गेल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि तशाच बाहेर ओसरीवर आल्या. ब्राह्मी त्यांच्या मागोमाग आली. तिथं आवाज जरा कमी होता.

"आई, मी त्यांना..."

"तो पेढे घेऊन आलाय," चंदनबाला म्हणाल्या. "माझ्या दारात. आज."

"माझं चुकलं."

"चुकलं म्हणून नाही म्हणत मी. मलाही सकाळपासून बरंच वाटत होतं बघ. गच्चीवर तू कुणाकुणाला सांगत होतीस, मशीनपाशी आहेत, मशीनपाशी आहेत. मी खाली बसून ऐकत होते. वाटत होतं, सांगू दे. आणखी एकाला सांगू दे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पण सूर्य मावळायला दोन तास राहिलेत. आणि त्यांनी शब्द दिलाय. माझे गुडघे चढत नाहीत गच्चीवर, नाहीतर मी गेले असते."

वर फोन वाजायला लागला होता.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी अण्णांच्या फोनवर आलेला तो शेवटचा कॉल. त्यानंतर फोन वाजला नाही. सकाळी ज्या वेगानं एक बातमी दोनशे चौदा माणसांत गेली होती, त्याच वेगानं दुसरी गेली. जिनेंद्रला ग्रुपवर परत घेतलं, पण माफी कुणी मागितली नाही. मशीन दोन तास सलग चालली. वहीप्रमाणं ते कमीच होते, पण सकाळपासून थोडी थोडी मिळालेली ऊब कुरडयांनी बहुधा धरून ठेवली असावी. सूर्य टेकताना चंद्राबाईंनी चौकटीत उभं राहून एक कुरडई दोन्ही हातांत धरली आणि ती कट्ट मोडली. मग दुसरी मोडली. तिसरीही मोडायला निघाल्या तेव्हा सुभेदारांनी त्यांचा हात धरला, "आये, रुखवताला ठेव की कायतरी." गुरुवारी टेम्पो वेळेवर गेला. शुक्रवारी कडेगावच्या हॉलमध्ये रुखवतात कुरडयांचा पाच मजली मनोरा उभा होता, आणि बायका तो बघून म्हणाल्या, की अशा पांढऱ्याशुभ्र कुरडया उन्हातच होतात. विश्वजीत यांनी पेढ्यांचा पुडा कुठं ठेवला, ते कुणाला कळलं नाही.

पण हे सगळं नंतर. त्याआधी तो कॉल घ्यायला हवा होता.

ब्राह्मी गच्चीवर गेली. पाऊस थांबला होता, टाकीवरून पाणी ठिबकत होतं. तिनं बरणीतून फोन काढला. लालासाहेब.

"पोरी, लय येळ वाट बघितली," ते म्हणाले. "आता तरी दे की अण्णांस्नी. काय काम न्हाई माझं. नुस्ता आवाज ऐकायचाय. दोन शबुद बोलतो आन् ठेवतो."

खाली मशिनीचा सूर उतरायला लागला. नेट तुटलं होतं. आधी एक पंखा मंदावला, मग दुसरा, आणि मग दिवसभर त्या आवाजाखाली झाकलेलं सगळं उघडं पडलं. कुणाचं तरी खोकणं, पोत्यांची सरकासरक, आईच्या बांगड्या. अंगणातल्या माणसांनी माना वर केल्या.

"काका," ब्राह्मी म्हणाली, "सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले."

"काय? तुटतंय पोरी. रेंज न्हाई."

ती टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेली. "मी खोटं बोलले, काका. मला ते बोलता येत नव्हतं."

"मोठ्यानं बोल. काय बी ऐकू येत न्हाई. अण्णा हायत का तितं?"

तिनं कठड्यावर एक हात ठेवला. खाली सुभेदारांनी टोपी काढली होती. विश्वजीत हार धरून उभे होते. आई ओसरीच्या पायरीवर येऊन थांबली होती आणि वर बघत होती.

"नाहीत, काका," ती म्हणाली. आणि मग, त्या घरात मशीन आल्यापासून सगळे जेवढ्या मोठ्यानं बोलायचे तेवढ्याच मोठ्यानं, "अण्णा गेले. काल सकाळी गेले. माझे अण्णा गेले."